आवक-जावक

लिनक्स वापरणाऱ्या कोणाशीही बोलायला बसा, एक वाक्य हमखास ऐकू येतं : लिनक्सला व्हायरस लागत नाही. हे वाक्य निखालस खोटं नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल लिनक्सवर आपोआप चालत नाही; चालण्याची परवानगी तिला कोणीतरी मुद्दाम द्यावी लागते. रोजचं काम करणाऱ्या वापरकर्त्याला सगळ्या यंत्रणेत हात घालायचा अधिकार नसतो. एखादा प्रोग्रॅम हवा असला, तर तो भलत्या ठिकाणाहून न आणता वितरणाच्या भांडारातून घेतला जातो आणि त्या भांडारावर डिजिटल सही असते. या तीन गोष्टींनी बरंचसं काम भागतं.

पण सगळं भागत नाही. १९९६ मध्येच स्टाओग नावाचा व्हायरस खास लिनक्ससाठी लिहिला गेला, पुढच्या वर्षी ब्लिस आला. दोन्ही फारसे पसरले नाहीत. २०१६ मध्ये मात्र मिराईने जगभरच्या घरांतले राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. त्या डबड्यांच्या पोटात लिनक्सच होता आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. त्याच वर्षी २० फेब्रुवारीला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरी झाली. डाउनलोडचा दुवा बदलून लोकांच्या हाती मागचं दार उघडं असलेली आवृत्ती दिली गेली. मी मिंटच वापरते, त्यामुळे ही हकिगत मला परकी वाटली नाही.

तरीही घरच्या टेबलावरच्या लिनक्स मशिनला व्हायरस लागण्याची शक्यता कमी आहे, हे मी मान्य करते. म्हणून मी रिअल-टाइम अँटिव्हायरस बसवायचं ठरवलं तेव्हा ‘कशाला गं?’ असं ज्यांनी विचारलं त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्याचं उत्तर मला माझ्या मशिनमध्ये सापडलं नाही. ते त्यातून बाहेर जाणाऱ्या फाइलींमध्ये सापडलं.

हा कॉम्प्युटर नावाला माझा आहे. त्यावर आमच्या महिला बचत गटाचा हिशेब असतो : मासिक बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, हप्ते, बैठकीचं इतिवृत्त. गल्लीतल्या मुलांचे शाळा-कॉलेजचे प्रोजेक्ट त्यावर टाईप होतात. कोणाचा बायोडाटा, कोणाच्या सातबाऱ्याची पीडीएफ, कोणाच्या मुलीचं स्थळांना पाठवायचं परिचयपत्र. घरी प्रिंटर नाही. फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं, हीच सगळ्यांची रीत. त्या दुकानात एकच विंडोजचा कॉम्प्युटर असतो आणि दिवसभर येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह त्यालाच लागतो. प्रवेश अर्जांच्या दिवसांत तर रांग रस्त्यापर्यंत येते.

अशा दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात. मूळ फोल्डर लपवलेले असतात, त्यांच्या नावाची दोन-दोन केबीची चित्रं तेवढी समोर दिसतात, आणि त्यावर दोनदा क्लिक केलं की फोल्डर उघडण्याबरोबरच आणखी काहीतरी चालू होतं. दुकानदार म्हणतो, ‘ताई, तुमच्या पेनड्राइव्हमध्ये काहीच दिसत नाहीये.’ तोच पेनड्राइव्ह माझ्या मशिनला लावला की सगळं दिसतं. विंडोजने लपवलेलं म्हणून खूण केलेलं फोल्डर लिनक्स लपवत नाही. मूळ फोल्डर, शॉर्टकट, फोल्डरचं चित्र लावून बसलेली एक्झी फाइल, सगळं ओळीने समोर. माझ्या मशिनला त्यातल्या कशाचाही त्रास होत नाही.

नेमका इथेच मला प्रश्न पडला. मला त्रास होत नाही म्हणून ती एक्झी फाइल माझ्याकडे शांतपणे पडून राहते. गटातल्या कोणी ‘सगळं फोल्डरच दे गं’ म्हटलं की तीही सोबत जाते. माझ्या मशिनवर काही बिघडलेलं नसतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. पुढे ती पंचायत समितीच्या कार्यालयात उघडते, बँकेत उघडते किंवा एखाद्या मुलाच्या मामाकडच्या लॅपटॉपवर उघडते. निरोगी मशिन रोग पोचवतं, आणि पोचवताना त्याला पत्ताही नसतो.

हातातून हातात जाणारी ही लागण आपल्याकडे जुनी आहे. १९९० च्या जून महिन्यात भारतात एक बूट सेक्टर व्हायरस सापडला. जगभरच्या याद्यांमध्ये त्याचं नाव ‘जोशी’ असं नोंदलं गेलं. दरवर्षी ५ जानेवारीला तो कॉम्प्युटर अडवून धरायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाईप करायला सांगायचा; टाईप केलं की वाट मोकळी. तो फ्लॉपीवरून पसरायचा. त्या काळी माणसं फ्लॉपी खिशात घालून एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जायची आणि जोशी त्यांच्याबरोबर जायचा. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामापासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांच्या दुकानात पुढे कॉम्प्युटरही दुरुस्तीला येऊ लागले. त्यातल्या कितीतरी मशिनांचं दुखणं व्हायरस हेच होतं. त्यांचे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९० च्या दशकात त्यातून क्विक हील उभं राहिलं. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीची ही गोष्ट आहे. ज्याच्यापर्यंत व्हायरस हाताने पोचत होता, त्याच्यापर्यंत उपायही हातानेच पोचवला जात होता.

लिनक्ससाठी मी निवडला तो क्लॅमएव्ही. पोलंडच्या तोमाश कोइमने तो २००२ मध्ये सुरू केला. २००७ मध्ये तो सोर्सफायर या कंपनीकडे गेला, २०१३ मध्ये सोर्सफायर सिस्कोने घेतली आणि आज सिस्कोचा टॅलोस हा विभाग तो सांभाळतो. तो मुक्त आहे, फुकट आहे, त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. पण मला त्याची ओढ लागली ती त्याच्या जन्मकथेमुळे. क्लॅमएव्ही मुख्यतः मेल सर्व्हरसाठी वापरला गेला. ते सर्व्हर लिनक्सवर किंवा युनिक्सवर चालायचे आणि त्या दिवसांत ईमेलमधून पसरणाऱ्या विंडोजच्या वर्म्सनी त्यांना स्वतःला काहीच होत नव्हतं. तरीही सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी प्रत्येक पत्र तपासलं, कारण पत्र शेवटी कोणाच्या तरी विंडोजवर उघडणार होतं. जे आपल्याला बाधत नाही ते दुसऱ्याच्या दारी जाऊ द्यायचं नाही, या विचारातून हे साधन मोठं झालं. माझ्या कॉम्प्युटरवर मला तेच हवं होतं.

बसवण्याचा पहिला टप्पा सोपा आहे. पॅकेज मॅनेजरमधून क्लॅमएव्ही आणि त्याचा डीमन घ्यायचा. डीमन म्हणजे पडद्याआड सतत चालणारा प्रोग्रॅम. इथे त्याचं नाव क्लॅमडी. फ्रेशक्लॅम नावाचा दुसरा प्रोग्रॅम दिवसातून अनेकदा नव्या ओळखखुणा उतरवून आणतो. सही पटल्याशिवाय तो त्या स्वीकारत नाही. क्लॅमडी त्या लाखो खुणा मेमरीत उघडून ठेवतो, म्हणून फाइल समोर आली की उत्तर चटकन मिळतं. किंमत मेमरीत मोजावी लागते. एखादा जीबी तो सहज व्यापतो आणि किमान ३ जीबी रॅम असावी असं त्याची कागदपत्रं सांगतात. नव्या खुणा भरताना जुन्या काही वेळ तशाच उघड्या ठेवतो, त्या काळात गरज जवळपास दुप्पट होते. माझं मशिन जुनं आहे, म्हणून ही दुहेरी भरणी बंद करणारी ओळ मी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिली. नव्या खुणा येतात तेव्हा तपासणी थोडी थांबते. ते चालतं.

इथवर झालेली तपासणी मागणीवरची आहे : फोल्डर दाखवा, तो बघून सांगेल. रिअल-टाइम म्हणजे मागणीची वाट न पाहता, फाइल उघडली जात असताना त्याच क्षणी बघणं. त्यासाठी कर्नलचीच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचीच, मदत लागते, आणि ती मदत मिळवण्याची हकिगत फार बोलकी आहे. सुरुवातीला अँटिव्हायरस कंपन्यांनी आपापली कर्नल मॉड्यूलं केली. डझूको हे त्यातलं एक, आणि क्लॅमएव्हीही एके काळी त्याच्यावर विसंबून होता. २००८ मध्ये रेड हॅटच्या एरिक पॅरिसने टाल्पा या नावाने अशी सोय मूळ कर्नलमध्येच घ्यावी असा प्रस्ताव मांडला. कर्नल लिहिणाऱ्यांनी कोडच्या आधी एक प्रश्न विचारला : तुम्हाला नेमकं कोणापासून आणि कशाचं रक्षण करायचं आहे? धोका आधी स्पष्ट मांडा, मग पुढचं बोलू.

मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि त्या वादातून फॅनोटिफाय घडलं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये २.६.३६ या कर्नलमध्ये त्याचा कोड आला, पण ऐनवेळी त्याचं दार बंद ठेवण्यात आलं. २०११ च्या जानेवारीत २.६.३७ मध्ये ते उघडलं. त्याची रीत साधी आहे. एखादा प्रोग्रॅम फाइल उघडायला जातो, कर्नल त्याला जागच्या जागी थांबवतं आणि नेमलेल्या तपासनिसाला विचारतं : उघडू देऊ का? तपासनीस फाइल बघून हो किंवा नाही म्हणतो. हो आलं तर प्रोग्रॅमला आपण थांबलो होतो हे कळतही नाही. नाही आलं तर फाइल उघडत नाही. क्लॅमएव्हीमध्ये हे काम आधी क्लॅमडीच करायचा. २०१९ च्या ०.१०२ आवृत्तीपासून त्यासाठी क्लॅमऑनॅक हा वेगळा प्रोग्रॅम आहे.

कर्नल लिहिणाऱ्यांचा तो प्रश्न मी माझ्या घराला विचारला. कोणापासून? झेरॉक्सच्या दुकानातून, व्हॉट्सॲपवरून, ईमेलमधून येणाऱ्या फाइलींपासून. कशाचं रक्षण? आधी गटाच्या हिशेबाचं, मग ज्यांच्याकडे माझ्याकडून फाइल जाते त्या सगळ्यांचं. हे एवढं स्पष्ट झालं तेव्हा सगळ्या डिस्कवर पहारा बसवायचा मोह सुटला. तो मोह पुष्कळांना होतो. मुळापासून सगळं तपासत बसलं की प्रत्येक लायब्ररी, प्रत्येक फॉन्ट, ब्राउझरची प्रत्येक साठवण तपासली जाते आणि मशिन रखडतं. नकाराधिकार देऊन मूळ डिरेक्टरीवरच पहारा लावला तर यंत्रणाच अडकून बसण्याचा धोका असतो.

म्हणून मी दोन फोल्डर केले. एकाचं नाव आवक, दुसऱ्याचं जावक. ज्यांनी सरकारी किंवा सहकारी कार्यालयात काम केलं आहे त्यांना या दोन वह्या माहीत आहेत. आलेलं प्रत्येक पत्र आवक क्रमांक घेऊन आत येतं, जाणारं प्रत्येक पत्र जावक क्रमांक घेऊन बाहेर पडतं. मधल्या टेबलांवर काय चालतं ते वेगळं. उंबरठ्यावर मात्र नोंद होतेच. ब्राउझरच्या डाउनलोडची जागा मी बदलून आवक केली. पेनड्राइव्ह लावला की आधी मागणीवरची तपासणी चालवायची आणि मग हवं ते आवकमध्ये आणायचं. बाहेर द्यायची फाइल आधी जावकमध्ये ठेवायची आणि तिथूनच पेनड्राइव्हवर घ्यायची. कॉपी करायची म्हटली तरी फाइल उघडावी लागते आणि उघडली की तपासणी होते. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘ऑनॲक्सेस इन्क्लूड पाथ’ या नावापुढे या दोन वाटा लिहिल्या. तिसरी लिहिली नाही.

पुढच्या दोन गोष्टींमध्ये या व्यवस्थेचं सगळं शहाणपण आहे. पहिली गोष्ट ही, की तपासनिसाच्या स्वतःच्या उघडण्यावर पहारा नको. क्लॅमडी फाइल बघायला ती उघडतो, त्याचीही वर्दी गेली, तर त्या वर्दीसाठी पुन्हा उघडणं आणि पुन्हा वर्दी, असं ते चक्र संपणारच नाही. म्हणून क्लॅमडी ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो ते नाव वगळायचं. कोणाला वगळायचं हे अजिबात सांगितलं नाही, तर क्लॅमऑनॅक सुरूच होत नाही. दुसरी गोष्ट अधिकाराची. क्लॅमडी मुद्दाम एका दुबळ्या, जवळपास काहीच अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालवला जातो. माझ्या फोल्डरवर इतरांना वाचायची मुभा नसेल तर तो फाइल बघूच शकत नाही. त्याला सगळे अधिकार देऊन टाकणं हा सोपा रस्ता आहे आणि तो चुकीचा आहे. बरोबर रस्ता असा, की पूर्ण अधिकार असलेला क्लॅमऑनॅक त्याच्या हाती फक्त ती एक उघडलेली फाइल देतो; बाकी घर त्याला बंदच राहतं. एफडीपास नावाचा पर्याय जोडला की हे होतं.

एवढी काळजी का, याचं उत्तर २०२३ च्या फेब्रुवारीत सगळ्यांना दिसलं. क्लॅमएव्हीमध्येच एक दोष सापडला. मॅकच्या जुन्या पद्धतीच्या डिस्क प्रतिमेची मुद्दाम बिघडवलेली फाइल त्याला तपासायला दिली, तर तपासणाऱ्या प्रोग्रॅममधूनच हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. त्याची तीव्रता १० पैकी ९.८ ठरवली गेली आणि लगेच दुरुस्त आवृत्त्या आल्या. हे साहजिक आहे. तपासनिसाला जगातली प्रत्येक संशयास्पद फाइल स्वतः उघडून बघावी लागते, म्हणजे सगळ्यात जास्त धोका तोच पत्करतो. म्हणून त्याच्या हाती कमीत कमी सत्ता असावी आणि त्याची आवृत्ती कायम ताजी असावी.

शेवटी अडवण्याची परवानगी. क्लॅमएव्हीमध्ये ती मुळात बंद असते. तो बघतो आणि नोंद करतो, उघडणं थांबवत नाही. मी ती चालू केली, पण आधी काही काळ फक्त नोंदी वाचल्या. निर्दोष फाइलला दोषी ठरवणं हेही अँटिव्हायरसकडून होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री एखाद्या मुलाचा प्रोजेक्ट विनाकारण अडला, तर या सगळ्या व्यवस्थेवरचा त्याचा विश्वास उडेल.

व्यवस्था चालते की नाही हे बघायला खरा व्हायरस लागत नाही. आयकार या युरोपीय संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल आहे. सगळ्या अँटिव्हायरसांनी तिला व्हायरस समजून वागायचं असं ठरलेलं आहे. ती आवकमध्ये ठेवून उघडायला गेले. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ एवढंच उत्तर आलं, आणि नोंदवहीत फाइलचं नाव आणि ‘फाउंड’ हा शब्द. पडद्यावर लाल चौकट नाही, भोंगा नाही. म्हणून घरातल्या आणि गल्लीतल्या प्रत्येकाला मी एवढंच शिकवलं, की आवक-जावकमधली फाइल उघडायला परवानगी नाही असं मशिन म्हणालं, तर त्याच्याशी झटू नका, मला सांगा.

आता मर्यादा. त्या सांगितल्या नाहीत तर हा लेख जाहिरात होईल. पहिली मर्यादा गणिताची आहे. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या सुमारास दाखवून दिलं, की कोणताही प्रोग्रॅम दिला असता तो व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी बिनचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. १९३६ मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी घातलेल्या पायावरच तो युक्तिवाद उभा आहे. म्हणजे ही उणीव एखाद्या कंपनीच्या आळसाची नाही, ती मुळातच आहे. क्लॅमएव्ही प्रामुख्याने माहीत असलेलं ओळखतो. कालपर्यंत कोणी न पाहिलेलं आज आलं तर ते बहुधा निसटून जाईल. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत त्याला दिसत नाही. रिअल-टाइम तपासणीत ५ एमबीहून मोठ्या फाइली तो मुळात सोडून देतो. मर्यादा वाढवता येते, पण तितकं थांबावंही लागतं.

दुसरी मर्यादा २०२४ च्या मार्चअखेर जगाने पाहिली. एक्सझेड हे फाइली आवळून ठेवणारं साधं साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार लपवलेलं होतं. ते लपवणाऱ्याने आधी बराच काळ प्रामाणिक काम करून प्रकल्पात विश्वास मिळवला होता, त्यामुळे ते रीतसर सहीनिशी काही वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोचलं. ते सापडलं अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला. तो वेगळ्याच गोष्टीचं मोजमाप घेत होता आणि दूरच्या मशिनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याच्या लक्षात आलं. एवढ्याशा विलंबाकडे त्याने दुर्लक्ष केलं नाही, तो मुळापर्यंत गेला. जगभरच्या किती यंत्रणा त्यामुळे वाचल्या याची गणती नाही.

या घटनेवरून काही जण म्हणतात, बघा, अँटिव्हायरसचा उपयोग नाही. मला ते पटत नाही. ज्ञात गोष्टी ओळखणं हे कंटाळवाणं, न संपणारं काम आहे आणि ते माणसाकडून रोज होणं शक्य नाही. म्हणून ते मशिनकडे द्यावं. अज्ञाताची चाहूल लागणं हे लक्ष देणाऱ्या माणसाचं काम आहे. पहिलं मशिनने केलं तर दुसऱ्यासाठी माणसाजवळ लक्ष उरतं. आवकमध्ये येणाऱ्या फाइलींकडे बघायची सवय लागल्यापासून मी नावं वाचते. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी फाइल एपीके असते तेव्हा ती पत्रिकाही नसते आणि चलनही नसते. मोबाइलमध्ये घुसून बँक खातं रिकामं करण्याचा तो रस्ता असतो, आणि पोलीस याबद्दल वारंवार सावध करत आले आहेत. ते कळायला क्लॅमएव्ही लागत नाही. नावाचं शेवटचं टोक वाचायची सवय लागते.

गटाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं तेव्हा फॅनोटिफाय किंवा एफडीपास हे शब्द काढले नाहीत. एवढंच सांगितलं, की माझ्या मशिनला काही होत नसलं तरी माझ्याकडून गेलेल्या फाइलीने तुमच्या मुलाचा लॅपटॉप बिघडू शकतो, म्हणून जाणारी प्रत्येक फाइल तपासूनच जाईल. समजावत बसावं लागलं नाही. बचत गटात एकीचा हप्ता चुकला तर बँकेपुढे सगळ्यांची पत खाली येते, हे त्या वर्षानुवर्षं अनुभवत आल्या आहेत. एकीच्या घरचा निष्काळजीपणा दुसरीच्या घरी पोचतो हे त्यांना मशिनबाबत नव्याने शिकवायची गरजच नव्हती. उलट एकीने विचारलं, ‘ताई, मग दुकानातल्या मशिनचं काय?’

सगळ्यात योग्य प्रश्न तोच आहे. झेरॉक्सवाल्याच्या विंडोजवर माझा अधिकार नाही, पण त्याच्याशी बोलता येतं. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू आहे का, त्याचे अपडेट होतात का, एवढं बघायला त्याला सांगितलं आहे. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून मशिन साफ करणारी साधनं मोफत देतं, तेही त्याला दाखवलं आहे. त्याच्याकडे दिवसभरात येणाऱ्या पेनड्राइव्हची संख्या बघता, त्याचं एक मशिन स्वच्छ असणं माझ्या मशिनपेक्षा कितीतरी पटींनी मोलाचं आहे. तो ऐकतो, कारण त्याचं गिऱ्हाईकही त्याच्यावरच रागावतं.

लिनक्स वापरणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच आहे. आपली यंत्रणा मजबूत आहे हे खरं, आणि त्यासाठी जगभरच्या असंख्य माणसांनी विनामूल्य कष्ट घेतले आहेत हेही खरं. त्या मजबुतीचा फायदा आपल्यापुरता ठेवणं मला पटत नाही. आवकवर पहारा बसवणं हा स्वार्थ आहे आणि तो रास्त आहे. जावकवर पहारा बसवणं हे शेजारधर्माचं काम आहे, आणि ते करायला लिनक्सवाला सगळ्यात योग्य माणूस आहे, कारण घाणेरडी फाइल हाताळूनही त्याचं मशिन शाबूत राहतं. त्यासाठी थोडी मेमरी लागते, कॉन्फिगरेशन फाइलमध्ये काही ओळी लागतात, आणि फाइल उघडताना डोळ्याला न जाणवणारा एक थांबा लागतो. एवढं ज्याला परवडतं त्याने ते करावं. मला परवडतं, म्हणून मी करते.